फरगॉटन रेल्म्स आणि नियमावलीच्या आवृत्त्या

फरगॉटन रेल्म्स हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळासाठी वापरले जाणारे एक अद्भुतरम्य खेळविश्व आहे. कॅनेडियन लेखक एड ग्रीनवुड हे त्याचे मूळ निर्माते होत. इ.स. १९८७ मध्ये हे विश्व प्रथम स्वतंत्र संचाच्या रूपात प्रकाशित झाले. त्यानंतर मूळ खेळाची नियमावली अनेकदा बदलली आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर या विश्वालाही नव्या नियमांशी जुळवून घ्यावे लागले. काही वेळा हे रूपांतर केवळ आकडेमोडीपुरते मर्यादित राहिले. इतर वेळी नियमातील बदलाला कारण मिळावे म्हणून विश्वाच्या इतिहासात देवांचे मृत्यू, भूभागांचा विनाश आणि शतकभराची कालउडी अशा घटना घडवण्यात आल्या. खेळविश्वाचे नव्या आवृत्तीत रूपांतर कसे करावे, याच्या चर्चेत फरगॉटन रेल्म्सचे उदाहरण वारंवार दिले जाते.

पार्श्वभूमी

भूमिका-खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार, ज्याला या खेळात डंजन मास्टर म्हणतात, तो प्रसंगाचे वर्णन करतो आणि इतर सर्व पात्रे चालवतो. पात्राने केलेली कृती यशस्वी झाली की नाही, हे फासे टाकून आणि नियमावलीतील तक्त्यांच्या आधारे ठरते. एकाच गटाने अनेक बैठकांत सलग खेळलेल्या कथेला मोहीम असे म्हणतात. अशी मोहीम काही महिने, तर कधी अनेक वर्षे चालते. मोहीम ज्या जगात घडते त्या जगाचा भूगोल, इतिहास, राज्ये, देवता आणि चालीरीती यांचे एकत्रित वर्णन म्हणजे खेळविश्व होय.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील टीएसआर या कंपनीमार्फत प्रसिद्ध झाला. १९७७ ते १९७९ या काळात ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही विस्तारित नियमावली आली. तिची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली. त्यानंतर तिसरी आवृत्ती २००० मध्ये, तिची सुधारित ‘३.५’ आवृत्ती २००३ मध्ये, चौथी आवृत्ती २००८ मध्ये आणि पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पाचव्या आवृत्तीचे सुधारित मूळ ग्रंथ २०२४ पासून निघू लागले.

ग्रीनवुड यांनी हे विश्व बालपणी, १९६० च्या दशकात, स्वतःच्या कथांसाठी कल्पिले होते. खेळाशी परिचय झाल्यावर त्यांनी आपल्या मित्रगटाची मोहीम याच विश्वात चालवली आणि १९७९ पासून ‘ड्रॅगन’ मासिकात त्यासंबंधी लेखन केले. टीएसआरने या विश्वाचे हक्क घेतल्यानंतर ग्रीनवुड आणि जेफ ग्रब यांनी तयार केलेला पहिला संच १९८७ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी डग्लस नाइल्स यांची ‘डार्कवॉकर ऑन मूनशे’ ही या विश्वातील पहिली कादंबरी आली. १९८८ मध्ये आर. ए. साल्वाटोर यांच्या ‘द क्रिस्टल शार्ड’ या कादंबरीतून ड्रिझ्ट डोउर्डेन हे पात्र वाचकांसमोर आले. अशा प्रकारे आरंभापासूनच या विश्वाचे दोन वापर होत होते. खेळाडूंसाठी ती स्वतःच्या मोहिमांची रंगभूमी होती, तर कादंबऱ्यांच्या वाचकांसाठी ती क्रमाने पुढे सरकणारी कथा होती.

या विश्वातील ग्रहाचे नाव टोरिल आणि त्यावरील प्रमुख भूखंडाचे नाव फेरून आहे. तेथील वर्षे ‘डेल रेकनिंग’ या कालगणनेनुसार मोजली जातात. पुढील मजकुरात त्या वर्षांचा उल्लेख ‘डेलगणना’ असा केला आहे. पहिला संच डेलगणना १३५७ या वर्षाचे चित्र रेखाटतो.

नियम आणि विश्व यांचा संबंध

नियमावली बदलली की सर्वच बदल विश्वापर्यंत पोहोचतात असे नाही. या दृष्टीने बदलांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार केवळ गणिती बदलांचा आहे. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत चिलखताचा दर्जा दाखवणारा आकडा जितका लहान तितके संरक्षण अधिक मानले जाई. तिसऱ्या आवृत्तीत हे उलट झाले आणि मोठा आकडा म्हणजे अधिक संरक्षण असा नियम आला. विश्वातील कोणत्याही रहिवाशाला हा बदल जाणवण्याचे कारण नव्हते. त्यामुळे त्याला कथेतून स्पष्टीकरण देण्याची गरज भासली नाही.

दुसरा प्रकार पात्रांसाठी उपलब्ध असलेल्या पर्यायांचा आहे. नव्या आवृत्तीत एखादा व्यवसायवर्ग किंवा वंश वगळला जातो, तर एखादा नव्याने येतो. एखाद्या शहरात मारेकऱ्यांची संघटना असल्याचे आधीच्या ग्रंथात लिहिलेले असेल आणि नव्या नियमावलीतून मारेकरी हा वर्गच काढून टाकला असेल, तर त्या संघटनेचे काय झाले, हा प्रश्न उभा राहतो.

तिसरा प्रकार विश्वाच्या मूळ व्यवस्थेला स्पर्श करतो. जादू कशी चालते, देव आपल्या पुरोहितांना सामर्थ्य कसे देतात, मृत्यूनंतर आत्मा कोठे जातो, या गोष्टी अद्भुतरम्य विश्वात निसर्गनियमांच्या जागी असतात आणि त्यांचे वर्णन नियमावलीतच असते. फरगॉटन रेल्म्समध्ये जादू ‘वीव्ह’ नावाच्या अदृश्य विणीतून वाहते आणि मिस्ट्रा ही जादूची देवता त्या विणीची राखण करते, अशी कल्पना आहे. साहजिकच जादूचे नियम बदलले की त्याचा संबंध थेट मिस्ट्राशी जोडला जाई. या विश्वाच्या रूपांतरांमध्ये मिस्ट्राला वारंवार मृत्यू का आला, याचे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी या रचनेत सापडते.

रूपांतरांचा इतिहास

टाइम ऑफ ट्रबल्स (१९८९)

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी टीएसआरने नियमबदलाला कथेची जोड देण्याचा निर्णय घेतला. त्यातून ‘टाइम ऑफ ट्रबल्स’ म्हणजेच संकटकाळ या घटनामालिकेचा जन्म झाला. ‘शॅडोडेल’, ‘टँट्रास’ आणि ‘वॉटरडीप’ या १९८९ मधील तीन कादंबऱ्यांत ती सांगितली आहे. त्यांवर रिचर्ड ऑलिन्सन हे नाव असले तरी ते स्कॉट सिएन्सिन आणि ट्रॉय डेनिंग या लेखकांचे टोपणनाव होते.

कथेनुसार बेन आणि मर्कुल या देवांनी दैवलेख असलेल्या पाट्या चोरल्या. सर्व देवांचा अधिपती एओ याने संतप्त होऊन डेलगणना १३५८ मध्ये देवांना मर्त्य रूपात पृथ्वीतलावर हाकलून दिले. केवळ हेल्म या रक्षक देवाला त्याने आपले सामर्थ्य राखू दिले. पुन्हा देवलोकात चढण्याचा प्रयत्न करणारी मिस्ट्रा हेल्मच्या हातून मारली गेली. पुढे बेन, भाल आणि मर्कुल या तिन्ही दुष्ट देवांचाही अंत झाला. मिडनाइट नावाच्या मानवी जादूगार स्त्रीने मिस्ट्राचे स्थान घेतले, तर सिरिक हा चोर देवपदाला पोहोचला.

या कथेने नियमांतील अनेक बदलांना आधार दिला. १९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळावर नैतिक आक्षेप घेतले जात होते. त्या वातावरणात तयार झालेल्या दुसऱ्या आवृत्तीतून मारेकरी हा वर्ग वगळण्यात आला होता. कथेत हत्येचा देव भाल याच्याशी बांधलेले मारेकरी एकाच वेळी मरण पावल्याचे दाखवून ती उणीव भरून काढण्यात आली. जादूच्या बदललेल्या नियमांना विणीला बसलेल्या धक्क्याचे कारण मिळाले. जेथे जादू अजिबात चालत नाही किंवा अनियंत्रितपणे चालते, असे प्रदेशही त्या धक्क्याची खूण म्हणून विश्वात उरले. ग्रब आणि ग्रीनवुड यांच्या ‘फरगॉटन रेल्म्स ॲडव्हेंचर्स’ (१९९०) या ग्रंथाने या सर्व बदलांची नोंद करून जुन्या संचाला नव्या नियमांशी जोडले.

या रूपांतराचे एक वैशिष्ट्य म्हणजे कालउडीचा अभाव. घटना एका वर्षाच्या आत घडत असल्याने राजे, नगरे, व्यापारी आणि बहुतेक पात्रे जागच्या जागी राहिली. चालू मोहीम असलेल्या गटाला संकटकाळ हा आपल्याच पात्रांच्या आयुष्यातील प्रसंग म्हणून खेळता येत होता.

तिसरी आवृत्ती (२०००–२००१)

तिसऱ्या आवृत्तीने खेळाची संपूर्ण यंत्रणा वीस बाजूंच्या फाशावर आधारित एका समान पद्धतीत बसवली. मानवेतर वंशांवर पूर्वी असलेली वर्ग आणि पातळी यांची बंधने दूर झाली. सॉर्सरर हा नवा वर्ग आला. या वर्गातील पात्राला पोथीवरून मंत्र पाठ करावे लागत नाहीत. त्याची जादू उपजत असते. बदलांची व्याप्ती दुसऱ्या आवृत्तीपेक्षा कितीतरी मोठी होती. तरीही या वेळी विश्वात कोणताही प्रलय घडवण्यात आला नाही.

ग्रीनवुड, शॉन के. रेनॉल्ड्स, स्किप विल्यम्स आणि रॉब हाइन्सू यांनी लिहिलेला ‘फरगॉटन रेल्म्स कॅम्पेन सेटिंग’ हा ग्रंथ २००१ मध्ये आला. त्यातील काळ डेलगणना १३७२ हा आहे. बेन या देवाचे पुनरागमन, तसेच शेड या उडत्या नगरीचे परत येणे, अशा ठळक घटना त्यात आहेत. मात्र नियम का बदलले, हे सांगण्याचे काम त्यांच्यावर सोपवलेले नाही. उपजत जादू असलेली माणसे आणि जादू शिकणारे बुटके जणू या विश्वात अपरिचित नव्हतेच, अशा रीतीने ग्रंथाची मांडणी केली आहे. मृत्यूनंतरच्या लोकांची रचनाही बदलली. पूर्वीच्या ‘महाचक्र’ रचनेऐवजी विश्ववृक्षाची कल्पना आली आणि तीही कोणत्याही घटनेविना. बदल मोठा असला तरी त्याची कथा सांगितलीच पाहिजे असे नाही, हे या ग्रंथाने दाखवून दिले.

स्पेलप्लेग (२००८)

चौथ्या आवृत्तीने खेळाचा पाया पुन्हा बदलला. तोपर्यंत जादूगार ठरावीक मंत्र दिवसाच्या आरंभी पाठ करी आणि वापरल्यावर ते विसरून जाई. लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांवरून घेतलेल्या या पद्धतीला ‘व्हान्सीय जादू’ असे म्हणतात. चौथ्या आवृत्तीत योद्धा असो वा जादूगार, प्रत्येक वर्गाला केव्हाही, प्रत्येक चकमकीत एकदा किंवा दिवसातून एकदा वापरता येणाऱ्या शक्ती मिळाल्या. ड्रॅगनबॉर्न, टीफलिंग आणि एलाड्रिन हे वंश खेळाडूंच्या मूळ ग्रंथात आले. परलोकांची रचना नव्याने आखण्यात आली.

या सर्वांचे कारण म्हणून ‘स्पेलप्लेग’ अर्थात मंत्रमहामारी ही घटना योजली गेली. डेलगणना १३८५ मध्ये सिरिकने शार या अंधाराच्या देवतेच्या साहाय्याने मिस्ट्राचा वध केला आणि जादूची वीण फाटली. निळ्या ज्वाळांच्या रूपात ही महामारी फेरूनभर पसरली. अबेर नावाच्या जुळ्या जगाचे काही भाग टोरिलवर येऊन आदळले. हालरुआ हा जादूगारांचा देश उद्ध्वस्त झाला. प्राचीन इजिप्तची छाया असलेले मुल्होरंड आणि मेसोपोटेमियाची छाया असलेले उंथर ही राज्ये नाहीशी झाली. उंथरच्या भूमीवर अबेरहून आलेल्या ड्रॅगनबॉर्न लोकांचे टायमँथर राज्य उभे राहिले आणि अशा रीतीने नव्या वंशाला नकाशावर घर मिळाले. अनेक देव मरण पावले किंवा दुय्यम स्थानी गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘फरगॉटन रेल्म्स कॅम्पेन गाइड’ हा ग्रंथ डेलगणना १४७९ मध्ये सुरू होतो. म्हणजे आधीच्या आवृत्तीच्या वर्तमानापासून विश्व सुमारे एक शतक पुढे गेले होते.

या धाडसी फेररचनेमागे एक व्यावहारिक अडचणही होती. दोन दशकांत साचलेल्या ग्रंथ आणि कादंबऱ्यांमुळे नव्या खेळाडूला हे विश्व दडपून टाकणारे वाटू शकत होते. शतकभराच्या उडीने जुना तपशील ‘इतिहास’ बनला आणि नवख्या खेळाडूला तो माहीत नसला तरी चालण्यासारखे झाले. परंतु त्याच उडीने जुन्या खेळाडूंचे नुकसान केले. मोहिमांत ज्यांच्याशी मैत्री वा वैर जडले होते, ती बहुतेक मानवी पात्रे एका फटक्यात कालवश झाली. दीर्घायुषी वंशांतील आणि जादूने आयुष्य लांबवलेली मोजकी पात्रेच उरली. ड्रिझ्ट हा कृष्णवर्णी एल्फ वंशातला असल्याने तो वाचला. त्याच्या सोबत्यांपैकी कॅटी-ब्री आणि रेजिस यांचा अंत साल्वाटोर यांच्या ‘द घोस्ट किंग’ (२००९) या कादंबरीत दाखवला आहे.

सन्डरिंग (२०१३–२०१५)

२०१२ मध्ये पुढील आवृत्तीची सार्वजनिक चाचणी सुरू झाली. २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत पाठ केलेले मंत्र, नऊ प्रकारचे नैतिक कल आणि परलोकांचे महाचक्र या जुन्या गोष्टी सुधारित स्वरूपात परतल्या. त्याचबरोबर केव्हाही वापरता येणारे साधे मंत्र चौथ्या आवृत्तीप्रमाणे कायम राहिले. नियमांनी अंशतः माघार घेतली होती आणि आता विश्वालाही तसे करणे भाग होते.

त्यासाठी ‘सन्डरिंग’ अर्थात विभाजन ही घटना आखण्यात आली. एओने दैवलेख नव्याने लिहिले आणि अबेर व टोरिल ही जगे पुन्हा विलग झाली, असे तिचे स्वरूप आहे. साल्वाटोर, पॉल एस. केम्प, एरिन एम. इव्हान्स, रिचर्ड ली बायर्स, ट्रॉय डेनिंग आणि ग्रीनवुड या सहा लेखकांच्या एकेका कादंबरीतून ती २०१३-१४ मध्ये उलगडली. त्यांपैकी पहिल्या ‘द कंपॅनियन्स’मध्ये ड्रिझ्टचे मृत सोबती पुनर्जन्म घेऊन परतले. मिस्ट्रा, टिर, हेल्म आणि लथँडर हे देवही परत आले. हालरुआ नष्ट झाले नव्हते, तर दुसऱ्या लोकात सरकले होते आणि आता ते परतले आहे, असे सांगण्यात आले. ‘मर्डर इन बाल्डर्स गेट’ (२०१३) ही साहसकथा ३.५, चौथी आणि चाचणी अवस्थेतील पाचवी अशा तीन नियमावल्यांनुसार खेळता येत होती. तिच्यात भालच्या पुनरागमनाची कथा आहे. ‘सोर्ड कोस्ट ॲडव्हेंचरर्स गाइड’ (२०१५) या ग्रंथाने नवी स्थिती संक्षेपाने नोंदवली. मात्र त्यात संपूर्ण फेरूनऐवजी मुख्यतः पश्चिम किनाऱ्याचे वर्णन आहे.

सन्डरिंगने कालचक्र मागे फिरवले नाही. शतकभराचा काळ लोटला, ही गोष्ट कायम ठेवून जे हरवले होते त्यातील बरेचसे परत आणले. त्यामुळे चौथ्या आवृत्तीच्या काळात खेळलेल्या मोहिमा अधिकृत इतिहासातून पुसल्या गेल्या नाहीत.

इतर खेळविश्वांतील पद्धती

नियमबदलासाठी कथा घडवणे हा एकमेव मार्ग नाही, हे इतर विश्वांच्या उदाहरणांवरून दिसते.

कीथ बेकर यांनी निर्मिलेले एबेरॉन हे विश्व २००४ मध्ये ३.५ आवृत्तीसाठी प्रसिद्ध झाले. चौथ्या आवृत्तीतील २००९ चा आणि पाचव्या आवृत्तीतील २०१९ चा ग्रंथही त्याच वर्षापासून, म्हणजे तेथील कालगणनेच्या ९९८ पासून, सुरू होतो. नवा वंश आला की तो पूर्वीपासूनच एखाद्या दुर्लक्षित प्रदेशात राहत होता असे मानले जाते. येथे काळ पुढे नेण्याचे काम पूर्णपणे त्या-त्या खेळगटावर सोपवलेले आहे.

डार्क सन (१९९१) या वाळवंटी विश्वाने कालउडीच्या उलट मार्ग घेतला. मध्यंतरीच्या कादंबऱ्या आणि १९९५ चा सुधारित संच यांनी त्याचा काळ पुढे नेला होता. २०१० मधील चौथ्या आवृत्तीच्या ग्रंथाने तो सर्व भाग बाजूला ठेवला आणि टायर नगरीचा जुलमी राजा कलाक मारला गेल्यानंतरच्या मूळ क्षणाकडे विश्व परत नेले. या विश्वात देव नाहीत. म्हणून देवांकडून शक्ती मिळवणारे वर्ग मूळ नियमावलीत असूनही येथे वगळण्याची सूचना देण्यात आली. विश्वासाठी नियमांना मुरड घातल्याचे हे उदाहरण आहे.

ड्रॅगनलान्स या विश्वात १९९६ मध्ये फाशांऐवजी पत्त्यांवर चालणारी नवी नियमावली आणली गेली. तिला अनुसरून देव निघून गेले आणि जुनी जादू संपली, अशी कथा रचण्यात आली. पुढे मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबरीत्रयीने (२०००–२००२) देव आणि जादू परत आणले. २००३ मध्ये हे विश्व पुन्हा फाशांच्या नियमावलीत आले.

क्वचित रूपांतराचे कारण खेळाबाहेर असते. पायझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’ या खेळाची नियमावली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खुल्या परवान्यावर आधारलेली होती. २०२३ च्या आरंभी त्या परवान्यात बदल करण्याच्या प्रस्तावावरून वाद निर्माण झाला. त्यानंतर पायझोने आपले मूळ ग्रंथ नव्याने लिहिले. नैतिक कलांची पद्धत काढून टाकण्यात आली आणि ड्राऊ हा भूगर्भवासी वंश गोलारिऑन या विश्वातून वगळण्यात आला. येथे विश्वाची फेररचना कायदेशीर गरजेतून झाली.

खेळगटाच्या पातळीवरील रूपांतर

प्रकाशकाने काहीही ठरवले तरी चालू मोहीम नव्या आवृत्तीत नेण्याचे काम शेवटी सूत्रधारालाच करावे लागते. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी २००० मध्ये, तर पाचव्या आवृत्तीच्या वेळी २०१५ मध्ये रूपांतरासाठी अधिकृत पुस्तिका उपलब्ध करून देण्यात आल्या होत्या.

पात्राचे रूपांतर आकड्यामागून आकडा बदलून क्वचितच समाधानकारक होते, कारण एका आवृत्तीतील आकडा दुसऱ्या आवृत्तीत वेगळ्या मोजपट्टीवर बसतो. त्याऐवजी पात्राची ओळख आधी ठरवून नव्या नियमांत ते पुन्हा उभारणे सोयीचे ठरते. उदाहरणार्थ, दुसऱ्या आवृत्तीत मारेकरी वर्ग नसल्याने कोणी चोर या वर्गातून मारेकऱ्याचे पात्र उभे केले असेल, तर पाचव्या आवृत्तीत रोग या वर्गाची मारेकरी ही उपशाखा त्या कल्पनेला अधिक जवळची आहे.

विश्वाच्या बाबतीत सूत्रधारापुढे सामान्यतः तीन पर्याय असतात. अधिकृत घटना मोहिमेत प्रत्यक्ष घडवणे हा पहिला. त्यात खेळाडूंना त्या घटनेला सामोरे जाता येते. परंतु देव मरणारच असे आधीच ठरलेले असल्याने त्यांच्या निर्णयाचे महत्त्व कमी होण्याचा धोका असतो. मोहिमेचा काळ तोच ठेवून केवळ नियम बदलणे हा दुसरा पर्याय होय. डेलगणना १३५७ मधील फेरून पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळण्यास कोणतीही तांत्रिक अडचण येत नाही. फक्त नवे वंश आणि वर्ग कोठून आले, याचा सर्वांनी आधी विचार करावा लागतो. जुनी मोहीम संपवून काही वर्षांनंतरच्या काळात नवी सुरू करणे हा तिसरा पर्याय आहे. त्यात आधीच्या पात्रांची कृत्ये नव्या पात्रांसाठी ऐतिहासिक घटना बनतात.

संगणकीय खेळांतील प्रतिबिंब

फरगॉटन रेल्म्सवर आधारित संगणकीय खेळांत आवृत्त्यांचा हा इतिहास स्पष्ट दिसतो. बायोवेअर कंपनीचा ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) हा खेळ दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो आणि डेलगणना १३६८ मध्ये घडतो. संकटकाळात आपला मृत्यू होणार हे भालने आधीच ओळखले होते आणि म्हणून त्याने मर्त्य स्त्रियांच्या पोटी संतती निर्माण केली, हे त्याचे कथाबीज आहे. नियमावलीतील बदलाला आधार म्हणून घडवलेला देवाचा मृत्यू अशा रीतीने एका स्वतंत्र आणि लोकप्रिय कथेचा उगम ठरला. ‘नेव्हरविंटर नाइट्स’ (२००२) तिसऱ्या आवृत्तीवर आधारलेला आहे. लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो आणि डेलगणना १४९२ मध्ये घडतो. पहिल्या खेळापासून त्याला विलग करणाऱ्या १२४ वर्षांत स्पेलप्लेग आणि सन्डरिंग या दोन्ही घटना सामावल्या आहेत.

मूल्यमापन

या रूपांतरांपैकी सर्वाधिक टीका २००८ च्या फेररचनेवर झाली. परिचित देश, देव आणि पात्रे एकाच वेळी नाहीशी झाल्याने विश्वाची ओळखच पुसली गेली, हा प्रमुख आक्षेप होता. नवख्या खेळाडूंना प्रवेश सोपा झाला आणि साहसासाठी अनोळखी प्रदेश उपलब्ध झाला, अशी बाजू तिच्या समर्थनार्थ मांडली जाते. पाचव्या आवृत्तीच्या वेळी बरेच बदल मागे घेण्यात आले. मात्र त्यासाठीही आणखी एक जगव्यापी घटना घडवावी लागली. त्यामुळे फेरूनच्या रहिवाशांच्या वाट्याला दीडशेहून कमी वर्षांत तीन मोठे दैवी उत्पात आले. एकच साधन वारंवार वापरल्याने त्याचा प्रभाव ओसरतो, हा दोष त्यातून दिसून येतो.

या इतिहासातून रूपांतराविषयी दोन बाबी स्पष्ट होतात. नियम आणि कथा यांच्यातील विसंगती वाचकाला खटकते खरी. परंतु मारेकरी वर्गाच्या अनुपस्थितीपेक्षा ओळखीच्या नगराची अनुपस्थिती त्याला अधिक जाणवते. तसेच प्रकाशित विश्वाच्या प्रत्येक प्रतीमागे एखाद्या गटाने स्वतः घडवलेला इतिहास असतो आणि अधिकृत कथेने घेतलेली उडी जितकी लांब, तितका तो इतिहास पुढील ग्रंथांपासून तुटत जातो. अलीकडची प्रकाशने या बाबतीत अधिक सावध दिसतात. २०२४ च्या सुधारित ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये नमुना म्हणून ग्रेहॉक हे विश्व दिले आहे आणि त्याचा काळ १९८३ मधील जुन्या संचाप्रमाणेच तेथील ५७६ हे वर्ष ठेवला आहे. मधल्या ग्रंथांतील घटना घडवायच्या की नाही, याचा निर्णय त्यामुळे खेळणाऱ्या गटाकडेच राहतो.